लिंडेनबाखची दुतोंडी पाटी

लिंडेनबाख गावात कुठलीही गोष्ट अख्खी कुणाच्याच मालकीची नसते. चर्च एकच, पण त्यात एका रविवारी लुथरन बसतात आणि पुढच्या रविवारी रिफॉर्म्ड. पावणेतीनशे वर्षं हे असंच चाललंय. चर्चच्या छपराचा दक्षिणेकडचा उतार लुथरनांचा, उत्तरेकडचा रिफॉर्म्डांचा. त्यामुळे बर्फ कुठल्या बाजूला जास्त साचतो आणि देवाचा त्यात काय हेतू असावा, यावर दर हिवाळ्यात वाद होतो. दफनभूमीतून मधोमध एक पायवाट जाते. जन्मभर कुंपणावरून भांडलेले लोक मेल्यावरही त्या पायवाटेच्या अल्याड-पल्याड झोपतात. आता या दोन पंथांत फरक काय, तर तो गावात कुणालाच धड सांगता येत नाही. दोन्हीकडच्या पास्टरांना विचारलं तर दोघंही म्हणतात, "तसा फारसा नाही." पण फारसा नाही म्हणून काय तो सोडून द्यायचा?

तीच गत तिठ्यावरच्या पाटीची. ओतीव धातूची निळी पाटी, तिच्यावर उठावाची सोनेरी अक्षरं, आणि दोन्ही बाजूंना गावाचा तोच इतिहास. सरकारच्या इतिहास खात्यानं ती १९४८ साली खांबावर बसवली आणि त्याच दिवशी गावानं ती वाटून घेतली. गिरणीकडून येणाऱ्याला दिसते ती पूर्वेची बाजू लुथरनांनी रंगवायची, चर्चकडून येणाऱ्याला दिसते ती पश्चिमेची रिफॉर्म्डांनी. पाटीची दोन बोटं रुंदीची कड कुणाची, एवढंच ठरायचं राहिलं. म्हणून ती कड तेव्हापासून आजतागायत बोडकी आहे.

दर दहा वर्षांनी पाटीला नवा रंग लागतो, तो सुगीच्या रविवारच्या आधी. वर्षात हा एकच रविवार असा की दोन्ही पंथ एका वेळी चर्चमध्ये बसतात, अर्थात लुथरन उजवीकडे आणि रिफॉर्म्ड डावीकडे. प्रार्थना झाली की सगळे तिठ्यावर येतात. पाटीच्या दोन्ही बाजूंवर जुन्या चादरी टाकलेल्या असतात, त्या एकदम ओढतात. मग रविवारच्या शाळेच्या बाई चष्मा लावून दोन्ही बाजूंचे ओघळ मोजतात. ज्यांचे ओघळ जास्त, त्यांनी गावजेवणाच्या दोनशे बश्या धुवायच्या. चादर ओढेपर्यंत दुसऱ्याची बाजू बघायची नाही, हा नियम. लिंडेनबाखमध्ये बायबलमधल्या काही आज्ञा मोडल्याचं लोकांना ठाऊक आहे, पण हा नियम मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

रिफॉर्म्डांची बाजू गेल्या चार खेपांना विल्मर झर्बीनं रंगवली होती. विल्मर चौऱ्याहत्तर वर्षांचा, सडाफटिंग, धंद्यानं रंगारी. आसपासच्या चार खोऱ्यांतल्या धान्यकोठारांवर जे मोठाले रंगीत तारे दिसतात, त्यातले निम्मे त्याच्या हातचे. हात असा की चालत्या गाडीत बसून सरळ रेघ मारील. तोंड मात्र हाताइतकं चालत नसे. तसं ते तिथल्या कुठल्याच पुरुषाचं चालत नाही. उत्तम जेवण, भरघोस पीक, पहिलं नातवंड, यातलं काहीही समोर आणा, लिंडेनबाखचा माणूस फार तर म्हणेल, "वाईट नाही." त्यापुढे बोललेला माणूस एक तर प्यायलेला असतो किंवा बाहेरगावचा.

लुथरनांची बाजू राल्फ फेन्स्टरमाकर रंगवायचा, आणि ओघळांसकट रंगवायचा. सहा वर्षांपूर्वी राल्फ पायवाटेच्या लुथरन बाजूला जाऊन झोपला. यंदा त्याच्या बायकोनं, आर्लीननं, कुणाला न विचारता ब्रश उचलला. आर्लीन त्र्याहत्तरची. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती, आणि बसमधल्या पोरांना दटावायचा तो आवाज तिनं निवृत्त होताना परत केला नव्हता. ती विल्मरच्या समोरच राहायची. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं धुराडं दिसे, आणि ते धुराडं विल्मर दिवसातून किती वेळा बघे हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

बुधवारी दोघं पाटीपाशी आले. हा पश्चिमेकडे स्टुलावर, ती पूर्वेकडे स्टुलावर, आणि मध्ये पाटी. आधी सगळ्यावर, अक्षरांवरसुद्धा, निळा रंग द्यायचा. तो वाळला की उठावाच्या अक्षरांवर सोनेरी. विल्मरला पाटीखालून फक्त तिचे बूट दिसत होते. आवाज धातूतून येत होता.

"विल्मर, झोपलास का रे?"

"नाही."

"मग ब्रशाचा आवाज कसा नाही येत?"

"मी ब्रश पाटीवर मारतो. तू डब्यात आपटतेस."

"राल्फ म्हणायचा, विल्मर रंग देत नाही, रंगाची मनधरणी करतो."

"राल्फनं दोन वेळा दोनशे बश्या धुतल्या," विल्मर म्हणाला.

धातूपलीकडून हसू आलं. मग ते थांबलं. ती म्हणाली, "ही माझी पहिली आणि शेवटची पाटी बरं का."

"का? दहा वर्षांनी तू त्र्याऐंशीची होशील. स्टूल जरा बुटकं घेऊ."

"तसं नव्हे रे. लेकीनं, कॅरलनं, माझ्यासाठी खोली घेतलीय. फ्लोरिडात, त्यांच्या घराला लागूनच. खिडकीतून पोहण्याचा तलाव दिसतो म्हणे. सुगीचा रविवार झाला की मंगळवारी ती मला घेऊन जाणार. घर विकायला काढायचं."

विल्मरचा ब्रश होता तिथंच राहिला. बावन्न वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तेव्हा त्यानं ठरवलं होतं की आर्लीनला विचारायचं, पण आधी मका घरात येऊ दे. मका घरात आला तोवर राल्फनं विचारलं होतं. राल्फनं आपला मका शेतातच ठेवला होता. पुढे बावन्न वर्षं विल्मर समोरच्या घरात शेजारी म्हणून राहिला. कुंपण दुरुस्त करून दिलं, राल्फच्या शवपेटीला खांदा दिला. आणि ती सहा वर्षं एकटी होती तेव्हाही तो कसल्या तरी मक्याची वाटच बघत होता. आता बावन्न वर्षांचं बोलणं एकदम त्याच्या ओठांशी आलं, आणि त्यातून जे बाहेर पडलं ते असं:

"फ्लोरिडात उकडतं."

पाटीखालचे बूट हलले नाहीत. "एवढंच?"

विल्मरनं जिवाचा आटापिटा केला. "आणि मगरी असतात."

"मगरींचं मी बघून घेईन. एकतीस वर्षं आठवीची पोरं नेलीत मी," आर्लीन म्हणाली. मग आवाज जरा खाली आणून तिनं विचारलं, "आणखी काही म्हणायचंय?"

"तुझ्या डाव्या बुटावर रंग सांडलाय."

ब्रश डब्यात पडल्याचा आवाज आला. बूट स्टुलावरून उतरले आणि गवतातून तरातरा घराकडे गेले. डाव्या बुटावर खरंच रंग सांडला होता. पण खरं बोलण्याचीही एक वेळ असते, हे विल्मरला कुणी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिठ्यावरच्या उपाहारगृहात तो मक्याच्या तळलेल्या कापांवर काकवी ओतून घेत बसला. ताटलीत काकवीचं तळं झालं तरी त्याचा हात थांबेना. समोर लूथर क्लिंगर बसला होता. नाव लूथर आणि पंथ रिफॉर्म्ड. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, असा हा गृहस्थ. गावातल्या सगळ्या बातम्या त्याच्यापाशी ताज्या मिळत.

"मंगळवारी चालली म्हणे ती," लूथर म्हणाला.

"ऐकलं."

"काय बोललास तिला?"

विल्मरनं मगरींचं सांगितलं. लूथरनं काटा खाली ठेवला.

"अरे गाढवा! मगरी?"

"असतात तिथं."

"तिनं तुला दोनदा विचारलं. दोनदा! माझ्या घोडीला मी एकदा विचारतो तर ती मान हलवते. सरळ म्हण ना, आर्लीन, जाऊ नकोस."

"असं कसं म्हणायचं तोंडावर?"

"तोंडावर नको तर लिहून दे."

"मी आयुष्यात कुणाला पत्र लिहिलं नाही. दुसऱ्यांनी सांगितलेली अक्षरं तेवढी रंगवली."

"मग बस तसाच," लूथर वैतागून म्हणाला. "पुढच्या सुगीला आम्ही तुझ्या थडग्यावर लिहू. इथे विल्मर झर्बी झोपला आहे. मका अजून आलेला नाही."

शुक्रवारी निळा रंग वाळला. खात्यानं निळ्याचे डबे दोन पाठवले होते, सोनेरीचा मात्र एकच. तो पाटीखालच्या दगडावर, अगदी मधोमध ठेवायचा, हे ओघानंच आलं. आर्लीननं निरोप धाडला होता की ती तिची अक्षरं शनिवारी करील, तेव्हा विल्मरनं शुक्रवारी उरकून घ्यावं. निरोप लूथरबरोबर धाडला होता, म्हणजे राग अजून गेला नव्हता.

विल्मर स्टुलावर चढला. सगळी पाटी निळीशार होती, उन्हात फक्त अक्षरांची सावली. आधी वरचं गावाचं नाव सोनेरी केलं. मग सवयीप्रमाणं तो पहिल्या ओळीकडे वळला. चाळीस वर्षांत त्यानं ही पाटी चार वेळा रंगवली होती, पण एकेक अक्षर म्हणून. रंगारी वाचत नाही, तो वळण बघतो. आणि गावकरी तर काहीच बघत नाहीत. रोज डोळ्यांसमोर असलेली पाटी कोण वाचतं? आज त्याला घाई नव्हती, म्हणून त्यानं ती बोट फिरवत, पहिल्यांदाच, सबंध वाचली.

"ऱ्हाइनकाठाहून आलेल्या जर्मन कुटुंबांनी हे गाव १७४१ साली वसवलं. 'पहिला हिवाळा एकाच छपराखाली काढू' असा निश्चय करून त्यांनी झऱ्याजवळ एक मोठी झोपडी उभारली. पुढे लुथरन आणि रिफॉर्म्ड मंडळींनी मिळून चर्च बांधलं व ती एक आड एक रविवारी तिथे जमू लागली. काही कुटुंबं नंतर दक्षिणेला निघून गेली. बाकीची इथेच राहिली."

विल्मरनं बोट मागं नेलं आणि मधला भाग पुन्हा वाचला. एवढं सोपं होतं तर! त्याला जे जमत नव्हतं ते कुणा पूर्वजानं कधीच बोलून ठेवलं होतं, आणि सरकारनं ते धातूत ओतून घेतलं होतं. नवं काही लिहायचं नव्हतं. खोटं तर एक अक्षरही नव्हतं. फक्त बाकीच्या शब्दांना सोनेरी लावायचं नव्हतं.

'पहिला' या शब्दापाशी ब्रश अडखळला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिला हिवाळा म्हणणं त्याला आगाऊपणाचं वाटलं. तो शब्द त्यानं निळाच ठेवला. पुढचे चार शब्द सोनेरी केले, आणि असे केले की आयुष्यात कुठल्या कोठारावर त्यानं असं काम केलं नव्हतं. मग खाली उतरून, चार पावलं मागं जाऊन बघितलं. निळ्याशार पाटीवर वर गावाचं नाव आणि मधोमध एकच ओळ: हिवाळा एकाच छपराखाली काढू. बाकीचा इतिहास गडप.

"वाईट नाही," तो स्वतःशीच म्हणाला, चादर टाकली, डबा दगडावर ठेवला आणि एखाद्या पोरासारखा शीळ घालत घरी गेला.

शनिवारी सकाळी तो अंथरुणात ताडकन उठून बसला. आपण काय करून बसलो! आर्लीन एकटी थोडीच बघणार होती? अख्खं गाव बघणार, दोन्ही पास्टर बघणार, फ्लोरिडाहून आलेली कॅरल बघणार. ती "नाही" म्हणाली तर अख्ख्या रिफॉर्म्ड पंथाला नकार मिळाल्यासारखं व्हायचं, आणि लुथरन लोक ते पुढची पावणेतीनशे वर्षं विसरायचे नाहीत. चहासुद्धा न घेता त्यानं ब्रश उचलला आणि तिठा गाठला. बाकीचे शब्द भराभर सोनेरी करून टाकायचे की झालं, कुणाला पत्ता लागायचा नाही.

आर्लीन आधीच स्टुलावर होती. दगडावर डबा नव्हता.

"आर्लीन, सोनेरी कुठंय?"

"संपला."

"संपला? मी अर्ध्याच्या वर ठेवला होता!"

"माझी अक्षरं जाड आहेत."

"तोच मजकूर आहे दोन्हीकडे! तीच अक्षरं!"

"मग माझा हात जाड आहे," धातूपलीकडून आवाज आला. "तुझं तर काल झालं ना सगळं? तुला कशाला हवा आता?"

विल्मरला खोटं बोलायची सवय नव्हती. "थोडं... राहिलं होतं."

"राहू दे. सगळंच सांगायला हवं असं नाही."

चोराच्या मनात चांदणं. विल्मरला वाटलं, ही काय बोलतेय? पण खाली फक्त बूट दिसत होते, आणि बुटांवरून माणसाच्या मनातलं कळत नाही. तो थेट दुकानात गेला. दुकानात सोनेरी नव्हता. पिवळा होता, तोही शाळेच्या बसला लावतात तसला. तिथं भेटलेल्या लूथरनं उदार मनानं ट्रॅक्टरचा हिरवा देऊ केला आणि वर विचारलं, "एवढी कसली घाई?" विल्मर पाठ फिरवून बाहेर पडला.

रविवारी गाव उठायच्या आधी तो निळ्याचा डबा घेऊन पाटीपाशी आला. सोनेरी नाही तर नाही, पण निळा होता. त्या चार शब्दांवर एक हात फिरवला की सगळी बाजू कोरी. ओघळ मोजायला आलेल्या बाई म्हणतील म्हाताऱ्याला काम झेपलं नाही. त्यात काय, बश्या धुवू. त्यानं चादर वर केली, ब्रश बुडवला आणि 'हिवाळा' या शब्दापाशी नेला.

तिथं हात थरथरला. चालत्या गाडीत सरळ रेघ मारणारा तो हात! आणि विल्मरला स्वतःचाच संताप आला. आजवर केलं काय, तर हेच. मनात जे जे सोनेरी उमटलं त्याच्यावर त्यानं वेळीच निळा हात फिरवला होता. मंगळवारी ती जाईल, आणि उरलेलं आयुष्य त्या विझलेल्या धुराड्याकडे बघत काढायचं. त्यापेक्षा हसू देत लुथरनांना. त्यानं ब्रश गवताला पुसला, डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि चादर खाली सोडली.

चर्चमध्ये वेदीपुढे भोपळे, कणसं, लोणच्याच्या बरण्या रचल्या होत्या. काय प्रवचन झालं ते विल्मरला विचारू नका. उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर आर्लीनची पाठ होती आणि शेजारी कॅरल, उन्हानं तांबूस झालेली. मग सगळे तिठ्यावर आले. रिवाजाप्रमाणं लुथरन पूर्वेला उभे राहिले, रिफॉर्म्ड पश्चिमेला. "एक, दोन, तीन," दोन्ही पास्टर एकदम म्हणाले, आणि चादरी ओढल्या गेल्या.

रिफॉर्म्ड बाजूचे लोक पाटीकडे वाकून बघू लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, "रंग संपला वाटतं." एक आजी मोठ्यानं वाचू लागल्या, "हिवाळा... एकाच... छपराखाली..." आणि वाचता वाचता थांबून त्यांनी विल्मरकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. लूथर क्लिंगरचं तोंड उघडलं ते मिटेना. गावातली बातमी त्याला सगळ्यांबरोबर कळण्याची ही पहिलीच वेळ.

तेवढ्यात पाटीपलीकडून हशा फुटला. साधासुधा नव्हे, पोट धरून. विल्मरचे कान लाल झाले. त्याला वाटलं, कळलं त्यांना. पण त्यांना कसं कळेल? त्यांना तर ही बाजू दिसतच नव्हती! मग हसतायत कशाला?

चाळीस वर्षांत तो चादर पडल्यावर कधी पलीकडे गेला नव्हता. रिफॉर्म्ड माणसाला तिकडे काम काय? आज तो गेला. लुथरन लोक बाजूला सरकले. समोर निळीशार पाटी होती. वर गावाचं नाव. मध्ये, जरा वाकड्या पण ठसठशीत सोनेरी अक्षरांत: एक आड एक रविवारी. आणि अगदी तळाशी एकच शब्द: इथेच.

तीन ओघळ होते. विल्मरनं ते पाहिले आणि त्याला ते अतिशय सुंदर वाटले.

आर्लीन हाताची घडी घालून उभी होती. डाव्या बुटावर निळा डाग तसाच होता.

"आई, हे काय लिहिलंयस?" कॅरल म्हणाली. "आणि 'इथेच' म्हणजे काय?"

"वाचता येतं ना तुला?"

"अगं पण ती खोली? तलाव दिसणारी?"

"तुझ्या सासूला दे. तिला पोहता येतं."

मग एक नवलच झालं. पूर्वेचे लोक पश्चिमेला काय आहे ते बघायला निघाले आणि पश्चिमेचे पूर्वेला. १९४८ पासून पहिल्यांदाच अख्खं गाव त्या पाटीभोवती गोल फिरलं आणि सगळ्यांनी आपला इतिहास दोन्ही बाजूंनी वाचला. रविवारच्या शाळेच्या बाईंनी चष्मा पुसला, दोनदा फेरी मारली आणि निकाल दिला: दोन्ही बाजूंचं काम अर्धवट आहे, सबब दोन्ही बाजू हरल्या. बश्या दोघांनी धुवायच्या.

चर्चच्या स्वयंपाकघरात दोनशे बश्यांचा ढीग पडला होता. लोकांनी मुद्दाम एकेकानं दोन-दोन घेतल्या होत्या असं म्हणतात. आर्लीन धूत होती, विल्मर पुसत होता.

"तू डोकावलीस," तो म्हणाला.

"डोकावले. शनिवारी उजाडताच."

"नियम आहे!"

"एकतीस वर्षं बस चालवलीय मी. मागं काय चाललंय ते बघितल्याशिवाय गाडी पुढं काढत नाही." तिनं हात पुसले, आपली पाईची टोपली पुढं ओढली आणि फडक्याखालून सोनेरीचा डबा काढून ओट्यावर ठेवला. तो अर्ध्याच्या वर भरलेला होता. "आणि तुलाही ओळखते. शनिवारी तू पुसायला येणार हे मला शुक्रवारीच सांगता आलं असतं."

विल्मर डब्याकडे बघत राहिला. रविवारच्या निळ्याचं तिला सांगावं की नाही, याचा त्यानं विचार केला. मग त्यानं सांगितलं. ब्रश कुठवर नेला, हात कसा थरथरला, झाकण कसं बसवलं, सगळं. एवढं सलग तो आयुष्यात बोलला नव्हता. आर्लीन धुतलेलीच बशी पुन्हा धूत राहिली.

"फक्त एक आड एक रविवार?" शेवटी तो म्हणाला. "हिवाळा तर सबंध असतो."

"सुरुवात अशीच करायची असते," आर्लीन म्हणाली. "मग ते पावणेतीनशे वर्षं टिकतं."

सोमवारी दोघांनी राहिलेली अक्षरं सोनेरी केली आणि खात्याला काम झाल्याचा फोटो गेला. डब्यात जरासा रंग उरला होता. बुधवारी सकाळी लोकांनी पाहिलं तर पाटीची ती बोडकी कड चारी बाजूंनी सोनेरी झाली होती. लुथरन म्हणतात रिफॉर्म्डांनी केली, रिफॉर्म्ड म्हणतात लुथरनांनी. वाद चालू आहे.

पहिला बर्फ नोव्हेंबरात पडला, एका रविवारी. तो आर्लीनचा येण्याचा रविवार नव्हता. विल्मर एकटाच जेवायला बसत होता, तेवढ्यात दार वाजलं. दारात आर्लीन, डोक्यावर बर्फ आणि हातात काकवीची पाई.

"माझी शेगडी विझली," ती म्हणाली. "घर नुसतं गारठलंय. आज माझी पाळी नाही हे ठाऊक आहे मला."

विल्मरनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या धुराड्यातून चांगला जाड धूर सरळ वर चालला होता. त्यानं उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि दुसरी बशी मांडली.